३० सेकंदांचा जोर आणि रक्ताचा दाटपणा: व्यायाम न करणाऱ्यांवरची मोजणी नीट कशी करावी

एमपीएड (शारीरिक शिक्षण), फिजिओथेरपी आणि शरीरक्रियाशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हा विषय फार आवडतो. एरवी व्यायाम न करणाऱ्या माणसाला थोडाच वेळ पण जीव तोडून व्यायाम करायला लावायचा, आधी आणि नंतर रक्त घ्यायचं, आणि रक्ताच्या वाहतेपणात काय फरक पडला ते मोजायचं. प्रबंध वाचायला घेतला की शेवटच्या पानावर ठरलेलं वाक्य असतं: 'तीव्र व्यायामाने रक्त दाट होते.' आकडे खरे असतात, निष्कर्ष मात्र कच्चा. सुई टोचण्याआधी माणूस किती वेळ बसला होता, दंडाला पट्टा किती वेळ होता, पाणी कधी प्यायला, यांचाही त्याच आकड्यांवर परिणाम होतो आणि त्यांची नोंद कुठेच नसते.

म्हणून खाली सगळं क्रमाने दिलं आहे. क्रम मोडू नका. यातल्या बऱ्याच चुका नंतर दुरुस्त करता येत नाहीत.

## सुरुवातीआधी एवढं पक्कं असू द्या

रक्त किती सहज वाहतं हे मुख्यतः चार गोष्टींवर ठरतं. रक्तात पेशींचा वाटा किती (हिमॅटोक्रिट, लॅबच्या भाषेत पीसीव्ही), प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारा द्रव, स्वतः किती दाट आहे (यात रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन आणि इतर प्रथिनं आली), लाल पेशी किती लवचिक आहेत, आणि प्रवाह मंद झाला की त्या एकमेकींना किती चिकटतात. लाल पेशीचा व्यास साधारण साडेसात मायक्रॉन असतो आणि बऱ्याच केशवाहिन्या त्याहून अरुंद असतात. म्हणजे पेशीला वाकून, दुमडूनच पुढे सरकावं लागतं. लवचिकपणा मोजायचा तो यासाठी.

माणूस ३० सेकंद जिवाच्या आकांताने पॅडल मारतो तेव्हा मांडीच्या स्नायूंतल्या केशवाहिन्यांमधला दाब वाढतो. स्नायूंत लॅक्टेट आणि इतर पदार्थ साठतात आणि ते रक्तातलं पाणी आपल्याकडे ओढतात. काही मिनिटांत प्लाझ्माचं आकारमान साधारण १० ते २० टक्क्यांनी घटतं. वरण आटलं की ते घट्ट होतं, त्यात डाळ वाढलेली नसते. इथेही तसंच होतं. हिमोग्लोबिन, पीसीव्ही, फायब्रिनोजेन, एकूण प्रथिनं, सगळे आकडे वर जातात, पण त्यातलं नवीन फारसं काही तयार झालेलं नसतं. बहुतेक पाणी तासाभरात परत येतं.

याखेरीज दुसरा, छोटा पण महत्त्वाचा बदल पेशींत होतो. सराव नसलेल्या माणसात अशा व्यायामानंतर लाल पेशी काही काळ जरा ताठर होतात. सहनशक्तीच्या खेळांत मुरलेल्या खेळाडूंच्या पेशी त्याच लॅक्टेटला वेगळा प्रतिसाद देतात. त्यांच्यात ही ताठरता दिसत नाही, उलट कधी लवचिकपणा वाढलेलाही आढळतो. म्हणूनच 'व्यायाम न करणारे' ही निवड या विषयात कळीची आहे.

तेव्हा तुमचा खरा प्रश्न 'रक्त दाट झालं का' हा नाही. दाट होणारच. त्यातला किती भाग पाण्याचा आणि किती पेशींचा, हे शोधायचं आहे. पुढचा प्रत्येक टप्पा हे दोन भाग वेगळे करण्यासाठीच आहे.

## टप्पा १: माणसं निवडणं

'तुम्ही व्यायाम करता का?' असं विचारून 'नाही' म्हणणाऱ्याला घेऊ नका. गॅस सिलिंडर पोचवणारा मुलगाही 'नाही' म्हणेल, कारण जिमला जाणं म्हणजे व्यायाम अशी त्याची समजूत आहे. जागतिक आरोग्य संघटनेची 'जीपीएक्यू' ही प्रश्नावली वापरा. त्यात काम, प्रवास आणि फावला वेळ या तिन्हींबद्दल वेगवेगळं विचारलेलं असतं. संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढाने आठवड्याला मध्यम व्यायाम किमान १५० मिनिटं किंवा जोराचा व्यायाम किमान ७५ मिनिटं करायला हवा. याच्या खाली असेल तो 'कमी हालचालीचा'. दिवसभर बसणं ही याहून निराळी गोष्ट आहे. बारा तास उभा राहणारा सुरक्षारक्षक बैठा नसतो, तरी कमी हालचालीच्या गटात बसू शकतो. तुम्हाला दोघांतलं नेमकं काय हवंय ते आधीच लिहून ठेवा आणि मध्येच बदलू नका.

वय १८ ते ३० पुरे. चाळिशीच्या वरच्या, कधीच न पळालेल्या माणसाला विद्यार्थी-प्रकल्पासाठी असा जोर करायला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कोणाला वगळायचं:

तंबाखू. 'धूम्रपान करता का?' याला 'नाही' असं प्रामाणिक उत्तर येतं आणि खिशात खर्रा असतो. मशेरी, खर्रा, मावा, गुटखा, विडी, सिगारेट अशी एकेक नावं घेऊन विचारा. धूम्रपानाने पीसीव्ही आणि फायब्रिनोजेन दोन्ही वाढलेले असतात.

रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयी आढळले. हिमोग्लोबिन न तपासता गट केला तर त्यात निम्म्या मुली रक्तक्षयी असू शकतात. त्यांचं रक्त मुळातच पातळ असतं, आणि लोह कमी असेल तर पेशीही वेगळ्या वागतात.

सिकलसेल आणि थॅलेसेमिया, वाहकसुद्धा. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार, पालघर या पट्ट्यातला सहभागी असेल तर सोल्युबिलिटी चाचणी (सिकलसेलची प्राथमिक रक्तचाचणी) झाल्याशिवाय त्याला सायकलवर बसवायचं नाही. ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करायची. इतर जिल्ह्यांतही ही चाचणी सर्वांचीच करावी. वाहक व्यक्ती एरवी ठणठणीत असते, पण अतिश्रमात तिच्या पेशी कोयत्याचा आकार घेऊ शकतात. हा मोजणीचा प्रश्न नंतर, जिवाचा आधी.

शिवाय गेल्या तीन-चार महिन्यांत रक्तदान केलेले, गेल्या दोन आठवड्यांत ताप आलेले, मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया आणि 'रक्त पातळ करायची गोळी' चालू असलेले. स्त्रियांचा गट असेल तर सर्वांची चाचणी मासिक पाळीच्या एकाच टप्प्यात ठेवा, निदान तारीख तरी नोंदवा.

तपासणी: प्रत्येकाच्या फाईलमध्ये प्रश्नावली, हिमोग्लोबिन, सोल्युबिलिटी चाचणी आणि तंबाखूचं उत्तर, ही चारही कागदं आहेत का? एक जरी नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: परवानगी आणि वैद्यकीय चाळणी

संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी, पहिला सहभागी नंतर. समिती आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार तपासते. संमतीपत्र मराठीत द्या आणि त्यात प्रत्यक्षात किती रक्त काढणार ते मिलीलिटरमध्ये लिहा. 'थोडेसे रक्त' असं लिहू नका.

पीएआर-क्यू प्लस प्रश्नावली (व्यायाम करणं सुरक्षित आहे का, हे विचारणारी), दोनदा मोजलेला रक्तदाब, विश्रांतीतला ईसीजी, आणि घरात कोणी तरुणपणी अचानक दगावलं होतं का, हा प्रश्न. चाचणीच्या वेळी डॉक्टर खोलीतच हवेत, फोनवर नव्हे.

इशारा: छातीत दुखणं, चक्कर, धडधड यांपैकी कशालाही उत्तर 'हो' आलं की तो सहभागी त्या क्षणी बाद. 'एवढ्या वेळेपुरतं चालेल का?' असं तो स्वतः म्हणाला तरीही.

## टप्पा ३: व्यायाम आणि बिनव्यायामाचा दिवस ठरवणं

थोडक्या वेळाच्या तीव्र व्यायामासाठी विंगेट चाचणी सोयीची. ३० सेकंद, पूर्ण ताकद, आणि चाकावर भार शरीराच्या वजनाच्या ७.५ टक्के. म्हणजे ६८ किलोच्या माणसाला ५.१ किलो. मैदानावरची धावही चालली असती, पण न पळणाऱ्या माणसाचा मांडीमागचा स्नायू तिथे हमखास धरतो. शिवाय सायकलवर हात स्थिर राहतो, त्यामुळे शिरेत लावून ठेवलेल्या कॅन्युलातून (बारीक नळीतून) लगेच रक्त घेता येतं. ही सोय मैदानावर नाही.

सहभागीला चार-पाच दिवस आधी एकदा बोलावून दहा सेकंदांचा सराव द्या. पहिल्यांदाच बसणारा माणूस पूर्ण जोर लावत नाही, पॅडलच शोधत बसतो.

आता सगळ्यात जास्त वगळली जाणारी गोष्ट: बिनव्यायामाचा दिवस. तोच माणूस, तीच वेळ, तीच सायकल, तेवढेच नमुने, फक्त पॅडल मारायचं नाही. नुसतं बसूनही सकाळच्या दीड तासात पीसीव्ही सरकतो, आणि वारंवार रक्त काढल्यानेही फरक पडतो. हा दिवस नसेल तर तुम्ही मोजलेला बदल व्यायामाचा की खुर्चीचा, हे कोणीच सांगू शकणार नाही. कोणाचा व्यायामाचा दिवस आधी आणि कोणाचा नंतर, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. दोन्हींत किमान आठवड्याचं अंतर ठेवा, कारण एका जोरदार व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी प्लाझ्मा मूळच्यापेक्षा वाढलेला असू शकतो.

## टप्पा ४: आदला दिवस आणि सकाळ

आदले ४८ तास कष्टाचं काम नाही. वरातीत नाचणंही त्यात धरा, लग्नसराईत हे विचारावंच लागतं. २४ तास दारू नाही. १२ तास चहा-कॉफी नाही. ही शेवटची अट सगळ्यांत जास्त मोडली जाते, म्हणून सकाळी आल्याआल्या विचारा, आणि चहा झाला असेल तर न रागावता दुसरी तारीख द्या.

उपाशीपोटी की खाऊन? प्रयोगशाळांच्या सूचना उपाशीपोटी रक्त घ्यायला सांगतात, कारण तेलकट जेवणानंतर प्लाझ्मा दुधाळ होतो. पण व्यायामाची सवय नसलेल्या माणसाला बारा तास उपाशी ठेवून विंगेट करायला लावणं म्हणजे त्याला भोवळ आणणं. माझ्या मते चाचणीआधी अडीच-तीन तास हलका, कमी तेलाचा नाश्ता द्यावा आणि दोन्ही दिवशी अगदी तोच, तेवढाच द्यावा. एक वाटी पोहे म्हटलं तर दोन्हीकडे पोहेच.

पाणी: दोन तास आधी दोन ग्लास, साधारण ४५० मिली. त्यानंतर शेवटचा नमुना होईपर्यंत काही नाही. माणूस धापा टाकत असताना शेजारच्या सिस्टर मायेने पाण्याचा ग्लास पुढे करतात आणि अर्ध्या तासानंतरचा नमुना वाया जातो. त्यांना आधीच सांगून ठेवा.

खोलीचं तापमान दोन्ही दिवशी सारखं हवं. मे महिन्यात नागपुरात पंख्याखाली एक दिवस आणि एसीत दुसरा दिवस, असं झालं तर तुलना संपली.

तपासणी: आल्यावर लघवीची सापेक्ष घनता मोजा. १.०२० च्या वर असेल तर माणूस कोरडा आहे, त्या दिवशी चाचणी नको.

## टप्पा ५: पहिला नमुना

इथे घाई झाली की सगळं फसतं. माणूस जिना चढून आला, नाव लिहिलं, हात पुढे केला आणि रक्त घेतलं, हे चालणार नाही. आडवं असताना आणि उभं असताना प्लाझ्माचं आकारमान दहा-पंधरा टक्क्यांनी वेगळं असू शकतं, आणि शरीराची स्थिती बदलल्यावर ते स्थिरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. हा आकडा व्यायामाच्या परिणामाच्या शेजारी ठेवून बघा, म्हणजे पलंगावर झोपवून पहिला नमुना आणि सायकलवर बसवून दुसरा घेणाऱ्यांनी काय मोजलं ते लक्षात येईल.

क्रम असा:

१. आल्यावर कॅन्युला लावून घ्या, शक्यतो २० गेजची, कोपराच्या आतल्या शिरेत. वारंवार टोचण्यापेक्षा हे बरं.

२. वीस मिनिटं खुर्चीत, पाय जमिनीला टेकवून. मग दहा मिनिटं सायकलच्या सीटवर, पाय पॅडलवर, पण स्थिर.

३. वॉर्म-अपच्या आधी पहिला नमुना. वॉर्म-अपनंतर घेतलेला नमुना 'आधीचा' राहत नाही, पाणी सरकायला तेव्हाच सुरुवात झालेली असते.

४. पट्टा न बांधता रक्त येत असेल तर उत्तम. बांधावाच लागला तर मिनिटाच्या आत सोडा आणि पट्टा सोडल्यानंतरच रक्त घ्या. बांधलेल्या पट्ट्याखालीही पाणी बाहेर जातं आणि रक्त आटतं. मुठी उघड-मीट करायला लावू नका.

५. कॅन्युलात सलाईन भरून ठेवलं असेल तर पहिलं दोन-तीन मिली रक्त टाकून द्या. नाहीतर सलाईन मिसळून पीसीव्ही खोटा कमी येतो.

नळ्यांचा क्रम: आधी फिकट निळ्या झाकणाची सायट्रेट (फायब्रिनोजेनसाठी), मग जांभळ्या झाकणाची ईडीटीए (पीसीव्ही, हिमोग्लोबिन, दाटपणा), शेवटी करड्या झाकणाची फ्लोराइड (लॅक्टेटसाठी). सायट्रेटच्या नळीतलं रक्त दाटपणासाठी वापरू नका, त्यात नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव मिसळलेला असतो. फ्लोराइडच्या नळीत ऑक्झलेट असतं, त्याने पेशी आकसतात. ईडीटीएची नळी खुणेपर्यंत भरा. अर्धी भरली तर नळीतलं गोठणरोधक औषध जास्त पडतं आणि तिथेही पेशी आकसतात. भरल्यावर आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करा. खळखळवू नका, पेशी फुटतात.

## टप्पा ६: तीस सेकंद, आणि त्यानंतरची पाच मिनिटं

पाच मिनिटं हलकं पॅडल, सगळ्यांना एकाच भाराने. मग चाचणी. शेवटच्या दहा सेकंदांत माणूस पार गळतो, तेव्हा सीटवरून उठू देऊ नका, आणि ओरडून प्रोत्साहन द्यायचं असेल तर प्रत्येकाला सारखंच द्या.

खरी अडचण वेळ संपल्यावर सुरू होते. एकदम थांबलं तर रक्त पायांत साठतं, मेंदूला कमी पडतं आणि सराव नसलेला माणूस सीटवरच पांढराफटक पडतो. पॅडल मारत राहिलं तर पाण्याची ये-जा बदलते. म्हणून नियम एकच ठेवा: सगळ्यांनी दोन मिनिटं बिनभाराचं पॅडल मारायचं, आणि पहिल्या मिनिटातच, पाय फिरत असताना, कॅन्युलातून 'लगेचचा' नमुना घ्यायचा. एकाने रक्त घ्यायचं आणि दुसऱ्याने खांदा धरून फक्त चेहऱ्याकडे बघायचं. ओठ पांढरे पडले, कपाळावर गार घाम आला, उत्तर अडखळत आलं, की पॅडल थांबवून आडवं करायचं आणि पाय वर घ्यायचे. तो नमुना गेला तर जाऊ द्या.

पुढचे नमुने ५, ३० आणि ६० मिनिटांनी. रक्तातलं लॅक्टेट व्यायाम थांबल्यावरही वाढत राहतं आणि साधारण तीन ते आठ मिनिटांत टोकाला जातं, म्हणून ५ मिनिटांचा नमुना चुकवू नका. तो सीटवरच घ्या, मग खुर्चीत बसवा. बिनव्यायामाच्या दिवशीही सीट-खुर्चीची अदलाबदल याच मिनिटांना. एका दिवसाचे पाच नमुने मिळून, टाकून दिलेलं धरून, साधारण ६५ मिली रक्त जातं. संमतीपत्रात लिहायचा आकडा तो हाच, दोन दिवसांचा मिळून दुप्पट.

इशारा: बऱ्याच जणांना पाच-दहा मिनिटांनी मळमळतं, काहींना उलटी होते. बादली जवळ ठेवा. उलटी झाली तर तशी नोंद करा. ६० मिनिटांचा नमुना आणि पाणी दिल्यानंतर अर्धा तास थांबवून, रक्तदाब बघूनच घरी सोडा. दुचाकीवर एकट्याने जाऊ देऊ नका.

## टप्पा ७: नळ्या सांभाळणं

फ्लोराइडच्या नळीतला प्लाझ्मा लगेच वेगळा करा. ईडीटीएचं रक्त साध्या खोलीच्या तापमानाला ठेवा आणि दाटपणा, लवचिकपणा, चिकटणं या मोजण्या चार तासांत संपवा. बर्फात ठेवलं की टिकतं, हा समज इथे उपयोगाचा नाही. गारठलेल्या पेशी वेगळ्या वागतात. लॅब दुसऱ्या गावात असेल तर थर्माकोलच्या डब्यात, बर्फाशिवाय, नळ्या उभ्या ठेवून न्या. स्कूटरच्या डिकीत उन्हात मुळीच नको.

तपासणी: सेंट्रिफ्यूजनंतर प्लाझ्मा गवती पिवळा हवा. गुलाबी दिसला तर पेशी फुटल्या आहेत, त्या नमुन्यावर दाटपणा मोजू नका.

## टप्पा ८: मोजणी

पीसीव्ही. केशनळी पाऊण भरा, टोक मेणाने बंद करा, मायक्रोसेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवा. नळी उजेडासमोर धरली की तीन थर दिसतात: खाली लाल, मध्ये केसाएवढा करडा-पांढरा, वर पिवळा. वाचायचं लालच्या वरच्या कडेला. मधला थर पांढऱ्या पेशी आणि बिंबाणूंचा असतो, आणि व्यायामानंतर त्या दोन्हींची संख्या वाढते. तो थर धरून वाचलं तर व्यायामानंतरचा पीसीव्ही आणखी थोडा फुगतो, तोही नेमका तुम्हाला हव्या त्या दिशेने. प्रत्येक नमुन्याच्या दोन नळ्या, दोघींत एक टक्क्याहून जास्त फरक आला तर तिसरी.

यंत्रावरचा पीसीव्हीही नोंदवा, पण दोन्ही मिसळू नका. यंत्र पेशींना आपल्या द्रवात मिसळून मोजतं. व्यायामानंतरच्या खारट प्लाझ्मात आकसलेली पेशी त्या द्रवात पुन्हा फुगते. म्हणून हे दोन आकडे व्यायामानंतर एकमेकांपासून दूर जाऊ शकतात.

दाटपणा. कोन-प्लेट व्हिस्कोमीटर, ३७ अंश सेल्सिअस. तापमान एका अंशाने घसरलं की दाटपणा साधारण दोन टक्क्यांनी वाढतो, म्हणून आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. रोज सुरुवातीला ऊर्ध्वपातित पाणी मोजा. ३७ अंशांना ते ०.६९ मिलिपास्कल-सेकंद यायला हवं. मग आधी प्लाझ्मा, नंतर पूर्ण रक्त.

रक्ताला एकच दाटपणा नसतो. वेगाने वाहताना ते पातळ, सावकाश वाहताना दाट. म्हणून निदान दोन कर्तनवेगांना (रक्ताचे थर एकमेकांवरून सरकण्याच्या वेगांना) मोजा, एक सेकंदाला २०० च्या वर आणि एक १० च्या आसपास. मंद वेगाला यंत्राचा टॉर्क १० टक्क्यांच्या खाली गेला तर तो आकडा धरू नका. पेशी तळाशी बसतात, म्हणून प्रत्येक वेळी नमुना हलकेच ढवळून घ्या.

पूर्ण रक्त दोनदा मोजायचं. एकदा जसं आहे तसं. मग त्याच नमुन्यातला थोडा प्लाझ्मा काढून किंवा घालून पीसीव्ही ४५ ला आणायचा आणि पुन्हा मोजायचं. प्लाझ्मा त्याच व्यक्तीचा आणि त्याच वेळचा हवा. वेळखाऊ काम आहे, पण याच्याशिवाय पाणी आणि पेशी वेगळे होत नाहीत.

लवचिकपणा. यासाठी एक्टासायटोमीटर (पेशी किती ताणली जाते ते मोजणारं यंत्र) लागतो आणि तो फार थोड्या ठिकाणी आहे. मिळाला तर मोजण्याआधी रक्ताला हवेतला ऑक्सिजन मिळू द्या, कारण व्यायामानंतरच्या शिरेतल्या रक्तात ऑक्सिजन कमी असतो. नाही मिळाला तर लवचिकपणावर एक वाक्यही लिहू नका.

व्हिस्कोमीटरच नसेल तर? पीसीव्ही आणि प्रथिनांवरून दाटपणा काढण्याचं सूत्र वापरणारे बरेच आहेत. त्या सूत्रात दोनच गोष्टी जातात, आणि पाणी गेलं की दोन्ही वाढतात. म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं. त्यापेक्षा 'प्लाझ्माच्या आकारमानातला बदल' एवढाच विषय घ्या. लहान पण खरा प्रबंध होईल.

## टप्पा ९: पाण्याचा हिशेब

डिल आणि कॉस्टिल यांचं १९७४ चं सूत्र वापरा:

प्लाझ्माचा उरलेला वाटा = (आधीचं हिमोग्लोबिन ÷ नंतरचं हिमोग्लोबिन) × (१०० − नंतरचा पीसीव्ही) ÷ (१०० − आधीचा पीसीव्ही)

उदाहरण म्हणून घेतलेले आकडे: हिमोग्लोबिन आधी १४.५, नंतर १५.७. पीसीव्ही आधी ४३.५, नंतर ४७.०. पहिला भाग ०.९२४, दुसरा ५३.० ÷ ५६.५ म्हणजे ०.९३८. गुणाकार ०.८६६. प्लाझ्मा १३.४ टक्क्यांनी घटला.

आता याच माणसाचं फायब्रिनोजेन २८० वरून ३१५ झालं असं धरा. दिसायला साडेबारा टक्के वाढ. पण ३१५ ला ०.८६६ ने गुणलं की २७३ येतं, म्हणजे वाढ नाहीच. फायब्रिनोजेन, एकूण प्रथिनं, बिंबाणू, सगळ्यांचे दोन रकाने करा: मोजलेला आकडा आणि दुरुस्त केलेला. बिंबाणूंसारख्या पेशींची संख्या पूर्ण रक्तात मोजतात, म्हणून त्यांची दुरुस्ती फक्त हिमोग्लोबिनच्या गुणोत्तराने करा, प्लाझ्माच्या वाट्याने नाही.

तपासणी: बिनव्यायामाच्या दिवसाचाही हाच हिशेब करा. तिथे वाटा १ च्या जवळ यायला हवा. तिथेच ०.९३ येत असेल तर तुमच्या बसवण्यात किंवा पट्ट्यात घोळ आहे. आणखी सहभागी घेण्याआधी तो शोधा.

## टप्पा १०: वाचन आणि लेखन

आकडे समोर आले की असं वाचा. जसंच्या तसं रक्त दाट, पण पीसीव्ही ४५ ला आणल्यावर फरक नाहीसा झाला, तर तो जवळपास सगळा पाण्याचा खेळ. ४५ ला आणूनही जास्त वेगाला दाटपणा टिकला आणि प्लाझ्माचा दाटपणा फारसा बदललेला नाही, तर पेशी ताठर झाल्याची शक्यता. फक्त मंद वेगालाच फरक दिसला, तर पेशींच्या चिकटण्याकडे बघा. प्लाझ्माचाच दाटपणा वाढला असेल तर आधी प्रथिनांचा दुरुस्त आकडा पाहा, बहुतेकदा तिथेही पाणीच निघतं.

सांख्यिकीत 'आधी-नंतर' अशी एकच टी-चाचणी लावून मोकळं होऊ नका. दिवस आणि वेळ या दोन घटकांची पुनरावृत्त मापनांची चाचणी लावा आणि त्यातल्या परस्परक्रियेचा आकडा बघा, म्हणजे वेळेनुसार होणारा बदल दोन दिवसांत वेगळा आहे का ते. प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. सहभागी किती हवेत याचं गणित समितीकडे जाण्याआधीच करायचं असतं.

निष्कर्षात किती वेळेनंतर किती, हे लिहा. 'व्यायामाने रक्त दाट होऊन हृदयाला धोका' असं एका तासाच्या मोजणीवरून लिहिता येत नाही. याच वेळात गुठळी होण्याची आणि ती विरघळण्याची, दोन्ही यंत्रणा जाग्या होतात, आणि तुम्ही त्या मोजलेल्या नाहीत. शिवाय नियमित व्यायाम करणाऱ्यांत दीर्घकाळात प्लाझ्मा वाढतो आणि रक्त उलट सुटसुटीत वाहतं. एका दिवसाचा परिणाम आणि सवयीचा परिणाम एकमेकांच्या विरुद्ध दिशेला असू शकतो.

निष्कर्षाचं वाक्य साधारण असं चालेल: 'कमी हालचालीच्या तरुणांमध्ये ३० सेकंदांच्या पूर्ण जोराच्या व्यायामानंतर लगेच रक्ताचा दाटपणा वाढला. यातला बराच भाग प्लाझ्माचे आकारमान घटल्याने होता. पीसीव्ही समान केल्यावर उरलेला फरक इतका होता आणि ६० मिनिटांनी तो उरला नाही.' 'इतका' च्या जागी आकडा. शेवटचा भाग तुमच्या आकड्यांत असेल तरच.

सहभागींना त्यांचे विश्रांतीतले अहवाल द्या, व्यायामानंतरचे नको. व्यायामानंतरचा कागद घेऊन कोणी डॉक्टरांकडे गेलं तर वाढलेल्या पांढऱ्या पेशी बघून नाहक तपासण्या सुरू होतात. निवडीच्या वेळी रक्तक्षय किंवा सिकलसेलचं वाहकत्व निघालेल्यांना मात्र त्याच आठवड्यात लेखी कळवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची किंवा जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी द्या. ते तुमच्या गटात बसले नाहीत, म्हणून त्यांचा कागद फाईलीतच पडून राहतो.